शाखा नसल्याचा पुरावा

जगातल्या प्रत्येक वस्तूला मालक असला पाहिजे, हे कायद्याच्या राज्याचं पहिलं लक्षण आहे. बेवारस वस्तू समाजाला घातक असते. स्टँडवर बेवारस पिशवी दिसली की पोलीस येतात, कुत्रं येतं, शिट्ट्या वाजतात. बेवारस वाक्यांकडे मात्र आपण वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं. ‘उधारी बंद आहे’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘येथे थुंकू नये’ अशी कितीतरी वाक्यं या देशात कोणाच्याही भिंतीवर, कोणाच्याही परवानगीशिवाय उघड्यावर राहतात. त्यांतल्या एका वाक्याला न्यायालयाने हक्काचं घर मिळवून दिलं. समाजाने न्यायालयाचे आभार मानले पाहिजेत. मानलेही असते, पण आभाराचं वाक्य कोणाच्या मालकीचं आहे याची अजून खात्री झालेली नाही.

रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे, गुलाम रसूल यांची बेकरी आहे. बेकरीला नाव होतं, पण ते कोणी वाचलेलं नव्हतं. कारण नावाच्या खाली, नावाच्या दुप्पट अक्षरांत, त्यांच्या वडिलांनी रंगवून घेतलं होतं: ‘आमची कुठेही शाखा नाही.’ झालं होतं असं, की वडिलांचा धाकटा भाऊ भांडून मंडणगडला गेला आणि तिथे त्याने त्याच नावाची बेकरी काढली. ती दोन पावसाळ्यांत बंद पडली, भाऊ परत आला, ईदेला गळाभेट झाली. पाटी मात्र राहिली, कारण रंग चांगला लागला होता.

गावाने बेकरीचं नावच ‘शाखा नाही’ ठेवलं. “जा, ‘शाखा नाही’तून चार पाव आण,” असं आया पोरांना सांगत. लग्नपत्रिकेवर ‘शाखा नाहीच्या समोरची गल्ली’ असा पत्ता छापला जाई. गुलाम रसूलना वडिलांकडून तीन गोष्टी मिळाल्या होत्या: भट्टी, मधुमेह आणि हे वाक्य. पहिल्या दोन्हींना खर्च होता. वाक्य फुकट चालत होतं, आणि त्यांचं वय सदुसष्ट झालं तरी खरं राहिलं होतं. एवढं टिकाऊ खरं त्यांच्या आयुष्यात दुसरं नव्हतं, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर जीव होता.

बेकरीचं अर्थशास्त्र सोपं होतं. पावावर भट्टी जळायची आणि नानखटाईवर घर चालायचं. पाव गाव खायचं. नानखटाई मे महिन्यात आणि दिवाळीत बाहेरगावचे लोक डबेच्या डबे न्यायचे. ते पाटी वाचायचे, एकमेकांना कोपर मारायचे, “हेच ते” म्हणायचे आणि रांगेत उभे राहायचे.

एका सोमवारी नोटीस आली. गुलाम रसूलनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि मागे कणीक तिंबणाऱ्या झुबेदाकडे गेले. झुबेदा ही त्यांची बायको आणि बेकरीची खरी व्यवस्थापक (नोंदणी नसलेली).

“काय आलां?” झुबेदाने विचारलं.

“नोटीस. आपली कुठं शाखा नाय, हे आपण चोरलांय म्हणतात.”

“चोरलां? कोणाकडून?”

“ज्यांच्या एकसष्ट शाखा हायत, त्यांच्याकडून.”

झुबेदाने हाताचं पीठ झटकलं. “मग त्यांना कळवा, आमचां चोरीला गेलां असेल तर परत करा. आणि भट्टीवर बघा, पाव करपतोय.”

नोटीस पाठवणारी कंपनी होती आद्यचव फूड्स प्रायव्हेट लिमिटेड, मुंबई. तिचा तरुण प्रमुख रितेश हा लहानपणी मे महिन्यात रत्नागिरीला मावशीकडे यायचा आणि ‘शाखा नाही’ची नानखटाई खायचा. मोठेपणी परदेशात व्यवस्थापन शिकून आल्यावर त्याला या आठवणीचं मोल कळलं. ग्राहकांच्या पाहणीतून असं दिसलं, की शंभरातल्या ब्याण्णव लोकांचा शाखा नसलेल्या दुकानावर जास्त विश्वास बसतो. (उरलेल्या आठांना प्रश्न ऐकू आला नव्हता.) इतका विश्वास एकाच गावात, एकाच उतारावर कोंडून ठेवणं हे राष्ट्रीय संपत्तीचं नुकसान आहे, असं रितेशने गुंतवणूकदारांना पटवून दिलं. मग त्याने हे वाक्य व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदवलं आणि मुंबई, पुणे, नाशिक, तीन विमानतळ व एक मोठं रुग्णालय इथे मिळून एकसष्ट शाखा उघडल्या. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आमची कुठेही शाखा नाही.’

गुलाम रसूलनी वकील म्हणून दर्शनाताईंना गाठलं. दर्शनाताई लहानपणापासून त्यांचेच पाव खाऊन वाढल्या होत्या, त्यामुळे त्यांनी नोटीस रागाने वाचली.

“चाचा, सरळ गोष्ट आहे. तुम्ही खरं बोलताय आणि ते खोटं बोलतायत.”

“मग जिंकलोच की.”

“नाही ना,” दर्शनाताई म्हणाल्या. “तीच तर अडचण आहे.”

ही अडचण सामान्य माणसाला पटकन कळत नाही. त्यासाठीच न्यायालयं बांधलेली आहेत. व्यापारातल्या चिन्हांचा कायदा असा, की वस्तूचं नुसतं वर्णन करणारे शब्द कोणाला मालकीचे करता येत नाहीत. गोड आंब्याला ‘गोड’ म्हणणं ही काही कोणाची जहागीर नव्हे. मालकी मिळते ती कल्पक, मनाने रचलेल्या, वस्तूशी संबंध नसलेल्या शब्दांना. कंपनीच्या वकिलांनी (ते विमानाने आले होते, आणि उरलेलं अंतर त्यांनी रस्त्याला नावं ठेवत काटलं) हा मुद्दा इतका सुरेख मांडला, की खुद्द गुलाम रसूलनाही काही वेळ पटला.

“महाराज,” ते म्हणाले, “प्रतिवादीची खरोखरच कुठे शाखा नाही. त्यामुळे त्याच्या पाटीवरचं वाक्य हे निव्वळ वर्णन आहे. त्यात प्रतिवादीने स्वतःचं काय घातलं? काही नाही. जे होतं ते लिहिलं. माझ्या अशिलाच्या मात्र एकसष्ट शाखा आहेत. तरीही कुठेही शाखा नाही असं म्हणायला प्रतिभा लागते. बुद्धीची जी संपदा म्हणतात ती हीच.”

दर्शनाताई उठल्या आणि म्हणाल्या, की प्रतिवादी हे वाक्य कंपनीच्या प्रमुखाचा जन्म होण्याआधीपासून वापरतोय. आधीपासून अखंड वापरणाऱ्याला कायदा हात लावत नाही. मुद्दा बिनतोड होता. न्यायाधीशांनी मानही हलवली. साक्षीदार म्हणून काशीराम उभा राहिला. काशीराम हा पाट्या रंगवणारा, दुकानांची बारीकसारीक सुतारकामं करणारा आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. खटल्यात असा साक्षीदार आणणं किती धोक्याचं असतं, हे दर्शनाताईंना त्या दिवशी कळलं.

“ही पाटी तुम्ही पाहिली आहे?” कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

“बघितली म्हणजे? मीच टांगतो.”

“बारा महिने असते?”

“बारा कशी आसंल? जून लागला का काढायची, ती नवरात्रात परत लावायची. पावसात दुकानाला झड्या बांधतात. झडीवर पाटी टांगली तर वाऱ्यानं पाटी जाईल मिरकरवाड्यात आनि झडी जाईल भाट्याला.”

मुंबईच्या वकिलांना झडी म्हणजे काय ते कळेना. दुकानात पावसाचा सपकारा येऊ नये म्हणून पुढे बांधलेला ताडपत्रीचा किंवा झापांचा आडोसा, असं न्यायाधीशांनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या बंगल्यालाही होती.

“म्हणजे दरवर्षी चार महिने पाटी नसते. मग त्या काळात प्रतिवादीची शाखा आहे की नाही, हे जनतेला कसं कळतं?”

काशीराम म्हणाला, “पावसात जनता येवढांच विचारते, साहेब, पाव हाय का नाय.”

कोर्टात हशा झाला. टंकलेखकाने नोंद केली: ‘पाटीचा वापर खंडित. साक्षीदारास मान्य.’

अख्ख्या कोकणात जून लागला की पाट्या घरात जातात. आंब्याच्या वखारीची जाते, हॉटेलाची जाते, दोन डॉक्टरांची आणि एका दंतवैद्याचीही जाते. आपण दरसाल आपल्याच हाताने आपला हक्क उतरवून पलंगाखाली ठेवतो आहोत, असा विचार आजवर एकाही कोकणी माणसाच्या मनात आला नव्हता. निकालपत्रात यावर एक स्वतंत्र परिच्छेद आहे. त्यात म्हटलं आहे की, ‘पर्जन्यमान ही प्रतिवादीची खाजगी अडचण असून तिचा बोजा नोंदणीकृत मालकावर टाकता येणार नाही.’

तरी एक वाट उरली होती. व्यापारचिन्ह कोणाचंही असो, स्वतःविषयी प्रामाणिकपणे खरं सांगायला कोणालाही मुभा असते. न्यायालयाने हे मोठ्या मनाने मान्य केलं. अट एकच घातली: प्रतिवादीने आपलं म्हणणं खरं असल्याचं, म्हणजे आपली कुठेही शाखा नसल्याचं, सिद्ध करावं.

जी वस्तू आहे ती दाखवणं सोपं असतं. ती असते तिथे बोट दाखवायचं. जी नाही ती दाखवायला ती जिथे जिथे नाही ती सगळी ठिकाणं दाखवावी लागतात. गुलाम रसूल शाखा नसल्याचा दाखला मागायला कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना प्रेमाने बसवलं आणि सांगितलं, की असा दाखला देता येईल, पण त्यासाठी आधी शाखेचा पत्ता द्यावा लागेल. तिथे जाऊन ती नसल्याची खात्री केल्याशिवाय सही कशी करणार? हे इतकं रास्त होतं की गुलाम रसूल त्याचे आभार मानून उठले.

अखेर न्यायालयाने पाहणीसाठी एक कमिशनर नेमला. त्याचं नाव दीपक. नुकती सनद मिळालेला, पहिलंच काम मिळालेला, आणि म्हणून अतिशय कसून काम करणारा. तो आधी गुलाम रसूलच्या घरी गेला. झुबेदाने त्याला पाटावर बसवलं, चहा दिला, बशीत नानखटाई ठेवली.

“खा रे बाबा. दुकानातली नाय ही, घरच्या चुलीवरची. रमजानात शेजारीपाजारी द्याला करते मी. उरलेली हाय.”

दीपकने पाच खाल्ल्या आणि लिहून घेतलं.

त्याच्या अहवालाचा सारांश असा. एक: प्रतिवादीच्या राहत्या घरी उत्पादन व वितरण चालते (कमिशनरने स्वतः पडताळणी केली, दर्जा उत्तम). दोन: प्रतिवादीचा पुतण्या फैझान कुवेतला नोकरीस असून जाताना तो पाच डबे नेतो, सात सोबत्यांच्या खोलीत ते दर शुक्रवारी उघडले जातात. सबब परदेशी शाखा, कामकाजाचा दिवस शुक्रवार. तीन: मिरकरवाड्यातून खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर प्रतिवादीचे बटर व टोस्ट पोत्याने घेऊन जातात आणि खलाशी ते आपसात वाटून खातात. सबब तरंगत्या शाखा. संख्या भरती-ओहोटीनुसार बदलती.

निकाल लागला. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातूनच वाचावा. इथे फक्त गाभा देता येईल. प्रतिवादीच्या शाखा आढळल्या, म्हणून पाटीवरचं वाक्य असत्य ठरलं. असत्य म्हणजे ते वर्णन नव्हे. वर्णन नव्हे म्हणजे कल्पना. आणि ही कल्पना तर आधीच कंपनीच्या नावावर नोंदलेली. याचा अर्थ, वाक्य खरं असतं तर ते गुलाम रसूलचं झालं नसतं, आणि खोटं ठरलं म्हणून ते दुसऱ्याचं झालं. एवढी नीट बसलेली चौकट काशीरामलाही कधी जमली नव्हती.

मनाई हुकूम तसा सौम्यच होता. प्रतिवादीने आपली कुठेही शाखा नाही असं लेखी, तोंडी, खुणेने, किंवा तसा अर्थ निघेल अशा मौनाने सूचित करू नये, इतकंच.

या निकालाने व्यापाराला जी दिशा मिळाली तिचं श्रेय द्यायलाच हवं. खरी पाटी लावणं बेभरवशाचं आहे, ती कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही, हे बाजाराने तात्काळ ओळखलं. भाट्याच्या किनाऱ्यावर एका हॉटेलाने ‘हिमालयाच्या कुशीत’ हे नाव नोंदवलं. स्टँडसमोरच्या लॉजने ‘नीरव’ नोंदवलं. एका सरबतवाल्याने ‘साखर, रंग व पाणी विरहित’ या शब्दांवर हक्क मिळवला, आणि प्रश्न फक्त ग्लासात उरलं काय एवढाच राहिला. ‘असत्य: एक दुर्लक्षित भांडवल’ या विषयावर चर्चासत्र झालं. ‘ताजी मासळी’ अशी पाटी लावणाऱ्या मासळीवाल्यांना सल्लागारांनी बजावलं की मासळी ताजी असेपर्यंत तुमची बाजू कमकुवत आहे. जाणकारांच्या मते वर्षभरात जिल्ह्यात सत्याचा भाव निम्म्यावर आला, आणि तोही गिऱ्हाईक ओळखीचं असेल तरच.

मग रितेश स्वतः आला. गाडीतून उतरल्याबरोबर तो गुलाम रसूलच्या पाया पडला.

“चाचा, मनात काही ठेवू नका. मी तुमच्याच नानखटाईवर वाढलो. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, फक्त वाक्य हवं होतं.”

“मिळालां ना?”

“तुमची पाटी परत लावा. भट्टी तुमची, चव तुमची. तुम्ही फक्त आमची शाखा व्हायचं. पाटीवर तेच वाक्य, आणि खाली बारीक अक्षरांत ‘रत्नागिरी शाखा’.”

गुलाम रसूलनी ते वाक्य मनातल्या मनात वरून खाली वाचलं. ‘आमची कुठेही शाखा नाही. रत्नागिरी शाखा.’ त्यांनी रितेशला पाणी दिलं, विचार करतो म्हणाले. रितेश गेल्यावर मुलाला, साकिबला, दोहाला फोन लावला.

“घेऊन टाका, अब्बा,” साकिब म्हणाला. “बारीक अक्षर कोण वाचतां?”

“मी वाचतो ना. रोज सकाळी शटर उघडताना.”

“नाय घेतलांत तर मे महिन्याचां गिऱ्हाईक जाईल. मग नानखटाई खाणार कोण?”

गुलाम रसूलनी फोन ठेवला. झुबेदाने कणकेवरून मान वर केली. “काय ठरवलांत?”

“बाबांनी सख्ख्या भावाला जे करू दिलां नाय, तां मी परक्याला कसां करू देऊ?”

“आणि घर?”

“पावावर चालवू.”

“पावावर भट्टी चालते. घर नाय.” एवढं म्हणून झुबेदा पुन्हा कणीक तिंबू लागली. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हा होकार मानायचा असतो, हे गुलाम रसूलना ठाऊक होतं.

नवरात्र आलं. काशीराम शिडी घेऊन आला, पाटीच्या जागेकडे बघून शिडी घेऊन परत गेला. भिंतीवर तेवढाच चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिला होता. त्याच उतारावर, बर्फाच्या कारखान्याच्या पलीकडे, आद्यचवची बासष्टावी शाखा उघडली. काचेचं दार, थंड हवा, फोटो काढायला मातीची खोटी भट्टी, आणि वर दिव्यांनी उजळलेलं ते वाक्य. बारीक अक्षरांत ‘शाखा क्रमांक बासष्ट’ असं होतं, पण साकिब म्हणाला तेच खरं.

मे महिन्यात एक पांढरी गाडी ‘शाखा नाही’च्या, म्हणजे पूर्वीच्या ‘शाखा नाही’च्या, दारात थांबली. आत एक सुखवस्तू, सुशिक्षित, चवीचं खाणारं कुटुंब होतं. काच खाली झाली.

“काका, ते ओरिजनल नानखटाईवालं दुकान हेच का? ज्यांची कुठेच शाखा नाही ते?”

गुलाम रसूल गल्ल्यावर होते. ‘हो’ म्हटलं तर तोंडी भंग. मान हलवली तर खुणेने. गप्प बसले तर मौनाने. ते कायदा पाळणारे गृहस्थ होते. मागच्या ट्रेमध्ये नानखटाई नुकतीच भट्टीतून निघाली होती, तिचा वास गाडीपर्यंत गेलाही असेल; वासाबद्दल हुकुमात काही नव्हतं. पण गाडीचा एसी चालू होता.

त्यांनी हात वर केला आणि उताराखालच्या, दिव्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

“बघा, किती भला माणूस,” मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या. “स्वतःचं दुकान असून दुसऱ्याचं दाखवलं.” काच वर गेली.

त्यांनी तिथून आठ डबे घेतले. सहा वाटायला, दोन घरी. वाटायच्या डब्यांतला एक तुमच्याकडे आला. तुम्ही झाकण उघडलंत, एक नानखटाई तोंडात टाकलीत, डोळे मिटलेत आणि घरातल्यांना सांगितलंत, “नाही, ती चव राहिली नाही आता. ‘शाखा नाही’चा म्हातारा पैशाच्या मागे लागलेला दिसतोय.”

मग सगळा डबा तुम्हीच संपवलात.